सामाईक भिंतीतली चार भोकं

तर फळी जागच्या जागी राहिली आणि भिंतच खाली आली, इथवर काल गोष्ट आली होती. पुढचं आता ऐका. जकात कचेरीतला तो कारकून शिडीवर तसाच उभा, हातात ड्रिल मशीन, आणि समोर भिंतीत टोपलीएवढं भगदाड. भगदाडातून पलीकडच्या घरातली म्हातारी त्याच्याकडे बघतेय. तिच्या हातात कॉफीचा पेला आणि कॉफीवर चुन्याची साय. ती शांतपणे म्हणाली, "आलाच आहेस तर ये आत, लेका. दारानं आला असतास तरी घेतलं असतं." कारकून शिडीवरून उतरला तो थेट लारबी सुताराच्या दुकानात, ज्याला सगळे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. लारबीनं रंधा थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भोक पाडायच्या आधी म्हातारीला सांगितलं होतंस?"

त्लेमसेन शहराच्या जुन्या वस्तीत घरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी आहेत. एकाची भिंत कुठं संपते आणि शेजाऱ्याची कुठं सुरू होते, हे बांधणाऱ्या गवंड्यालाही सांगता आलं नसतं. म्हणून जुन्या लोकांनी रीत घालून दिली. सामाईक भिंतीत साधी खुंटी ठोकायची असली तरी आधी पलीकडच्याला विचारायचं, आणि विचारलं की पलीकडच्यानं नाही म्हणायचं नाही. बहुतेकांनी या रीतीचा शेवटचा तुकडा तेवढा ध्यानात ठेवला. नाहीतरी हो म्हणणारच आहे, मग जिने कशाला चढा, असा सोयीचा विचार. लारबी मात्र पहिल्या तुकड्याला चिकटून बसला. शेजाऱ्याची परवानगी नसेल तर तो मशीन पेटीतून बाहेरच काढायचा नाही. मागच्याच महिन्यात शाळामास्तर शुक्रीच्या घरून तो अर्ध्या चहावर उठून आला होता. का, तर मास्तर म्हणाला, "शेजारी ओळखीचे आहेत, काही बोलणार नाहीत." लारबी म्हणाला, "ओळखीचे आहेत तर विचारायला लाज कसली?" मास्तरची फळी अजून कागदात गुंडाळलेली पडून होती.

लारबी मूळचा बेनी स्नूसच्या डोंगरातला. चार यत्ता शिकला, बाराव्या वर्षी चटया भरलेल्या लॉरीवर बसून शहरात आला आणि एका सुताराकडे झाडलोटीला राहिला. त्या उस्तादानं पहिलं वर्षभर त्याला करवतीला हात लावू दिला नाही. नुसत्या भिंती वाजवायला लावल्या. मधलं बोट वाकवून टकटक करायची आणि आत काय आहे ते सांगायचं. दगड, वीट, माती, पोकळी, पाण्याची नळी. चुकलं की त्याच बोटावर पट्टी. त्या बोटाच्या पेराला पुढं असा घट्टा पडला की लारबी दार ठोठावू लागला तर आत हातोडी पडतेय असं वाटायचं.

सवय इतकी जडली की लग्नाला गेला तरी हात भिंतीकडे जायचा. एकदा एका बड्या घरी जेवणाच्या तबकापाशी बसल्या बसल्या त्यानं पाठीमागची भिंत वाजवली आणि यजमानाला म्हणाला, "इथं पूर्वी दार होतं." यजमानाचा चेहरा पडला. वाटणीत भावाकडे जाणारं दार त्यानंच विटांनी बुजवलं होतं. त्यानंतर त्या घरातल्या कुठल्याच लग्नाचं आमंत्रण लारबीला आलं नाही, पण फळ्या ठोकायला मात्र दोन्ही भावांनी त्यालाच बोलावलं.

आणि फळ्या तरी कसल्या, तर अधांतरी. लोक मोबाइलवर फोटो दाखवत यायचे. फळीखाली ब्रॅकेट नको, टेकू नको, बाहेर खिळाही दिसायला नको. लारबीच्या वयाचे बाकीचे सुतार तोंड वाकडं करायचे. लारबी पहिल्याच फोटोला खुलला. भिंतीत खोल भोकं पाडून लोखंडी सळया बसवायच्या आणि आतून पोकळ असलेली फळी त्यांच्यावर सरकवायची. सगळा जोर भिंतीच्या पोटात. बघणाऱ्याला वाटतं, फळी हवेवरच बसलीय. सत्तरीला आलेला हा माणूस काम झालं की दोन पावलं मागं सरायचा, टोपी मागं सारायचा आणि पोरासारखा बघत राहायचा.

गावभर अशा फळ्या झाल्या, पण दिव्याखाली अंधार. लारबीच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांपूर्वीची जाड लाकडी फळी आणि तिच्याखाली दोन नक्षीदार ब्रॅकेट. त्याची बायको खेरा चुलीपाशी बुटक्या स्टुलावर बसून कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याच्या कण्या, चाळायची. उठताना ब्रॅकेटचं टोक नेमकं कपाळाला. आता तर गुडघे धरले होते, त्यामुळं जमिनीलगतच्या कपाटातलं काही घ्यायचं तर आधी हात टेकून बसायचं, मग हात टेकून उठायचं आणि उठताना पुन्हा कपाळमोक्ष.

"ऐका, घरधनी," खेरा एके दिवशी कपाळाला बर्फ लावत म्हणाली. "वहरानला माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये सुद्धा त्या हवेतल्या फळ्या आहेत. तिचा नवरा बस चालवतो."

"तिनं गिलावा करून घेतला असेल नवीन."

"तिनं नवरा करून घेतला ऐकणारा."

लारबी उठला आणि भिंती वाजवू लागला. खरं तर त्याची गरज नव्हती, त्या घराच्या भिंती त्याला झोपेतही पाठ होत्या. एका भिंतीला खिडकी, एकीला दार. तिसरी मागाहून घातलेली, पोकळ विटांची, तिच्यात सळई म्हणजे भाकरीत खिळा. उरली चौथी. जुनी भाजकी वीट, चुन्यात बसवलेली, वाजवली की भरल्या माठासारखी बोलणारी. ती भिंत सामाईक होती, आणि तिच्या पलीकडे जल्लूल राहत होता.

जल्लूलशी लारबी अकरा वर्षं बोलला नव्हता.

झालं होतं असं. जल्लूलला पाणी तापवायची टाकी टांगायची होती. कोणाकडून तरी त्यानं मशीन आणि हातभर लांबीचं टोक उसनं आणलं आणि न सांगता न सवरता भिंतीत घातलं. शुक्रवारची दुपार, लारबीच्या घरी पाहुणे, मधोमध कुसकुसचं तबक, आणि भिंतीतून गुरगुरत टोक बाहेर आलं. विटेचा लाल भुगा तबकात. लारबी तसाच अनवाणी गल्लीत गेला आणि जल्लूलला, त्याच्या मुलाबाळांदेखत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. "माझ्या घरात हात घालायचा तर चोरासारखा भिंतीतून काय घालतोस?" असंही म्हणाला. चोर हा शब्द गल्लीनं झेलला. त्या दिवसापासून चहाच्या दुकानात डॉमिनो खेळताना कोणी दुसऱ्याच्या सोंगट्यांकडे वाकून बघितलं, तरी चौघं म्हणायचे, "अरे, विचारून तरी बघ. तू काय जल्लूल आहेस?"

आता लारबीपुढं दोनच वाटा. जल्लूलच्या दारात जाऊन मान वाकवायची, नाहीतर बायकोच्या कपाळाची रोज माफी मागायची. तिसरी वाट खेरानं सुचवली.

"पाडा की भोकं. तुमचं टोक काही पलीकडे जात नाही. त्याला कळणार सुद्धा नाही."

"मला कळेल ना."

"मग जा. चेरीचा हंगाम आहे, रिकाम्या हातानं जाऊ नका."

दुपारच्या नमाजानंतर लारबी किलोभर चेरी घेऊन निघाला. घर शेजारचं, अंतर सात पावलांचं, पण तो चौकाला वळसा घालून गेला. वाक्य जुळवायचं होतं. दार जल्लूलनंच उघडलं. माणूस वाळला होता, दाढी पांढरी झाली होती. भिंतीपलीकडे राहणाऱ्याची दाढी पांढरी होईपर्यंत आपण बघितली नाही, याचं लारबीला नवल वाटलं.

"ही हातोडी कोणाची ते ठोठावण्यावरूनच कळलं," जल्लूल म्हणाला. "ये. बस."

कॉफी आली, काक नावाची गोल, खुसखुशीत बिस्किटं आली. दोघं काक मोडून कॉफीत बुडवत राहिले. शेवटी लारबीनं घसा साफ केला.

"जल्लूल, आपल्या दोघांच्या भिंतीबद्दल तुला एक..."

"थांब. पुढं बोलू नकोस."

"ऐकून तरी घे."

"सगळं ऐकलंय. तुझी बायको कपाळ आपटते तेही या भिंतीतून ऐकू येतं. तुला फळी टांगायचीय आणि तू विचारायला आलायस. विचारू नकोस."

"नाही म्हणणार आहेस?"

"नाही कसं म्हणेन? तशी रीत नाही." जल्लूलनं पेला खाली ठेवला. "पण तू विचारलंस तर उद्या गल्ली काय म्हणेल? बघा, लारबी कसा माणूस, दुष्मनालाही विचारून भोक पाडतो. तू आणखी एक मजला वर चढशील. आणि मी? मी न विचारणाराच राहीन, मरेपर्यंत. माझी नातसून बाळाला सांगेल, तुझा पणजा तो टाकीवाला."

 असं काही लारबीच्या मनात आलंच नव्हतं.

"तेव्हा माफी मागायची होतीस," तो म्हणाला.

"तीनदा आलो होतो. तुझ्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत. तू रंधा मारत होतास. मला बघितलंस आणि मारतच राहिलास."

हे खरं होतं. लारबीला ती तिन्ही लाकडं आठवत होती. एक तर अक्रोडाचं होतं, आणि त्या दिवशी त्यानं ते गरजेपेक्षा पातळ केलं होतं.

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? सांगितलं तर परवानगी दिल्यासारखं होईल." जल्लूल उठला. "चेरी ठेवून जा. गोड दिसतायत."

लारबी घरी आला. खेरानं विचारलं, काय म्हणाला. लारबी म्हणाला, तोंडच उघडू दिलं नाही. सगळी हकीकत ऐकून खेरा बराच वेळ हसली, मग गंभीर झाली.

"लोकांच्या भिंती वाजवून आत काय आहे ते सांगता," ती म्हणाली, "आणि हा माणूस अकरा वर्षं पलीकडे चरफडतोय ते ऐकू आलं नाही."

 पुढचे चार दिवस लारबी दुकानात बसला, पण काम असं केलं नाही. रंध्याला धार लावायचा आणि तसाच ठेवून द्यायचा. पन्नास वर्षं जपलेली गोष्ट होती ती. गावात त्याच्याहून चांगले सुतार होते, नक्षी तर कित्येकांची त्याच्याहून सुबक. पण दोन शेजाऱ्यांत भिंतीवरून वाद झाला की लोक त्याला बोलवायचे, कारण त्यानं कधी कोणाच्या भिंतीला न विचारता हात लावला नव्हता. हे गेलं तर आपलं उरतं काय, हे तो मनात घोळवत होता. आणि दुसऱ्या बाजूला तो शब्द होता, चोर. रागाच्या भरात आपण बोललो, कुसकुस दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजली, पण शब्द जल्लूलच्या अंगाला तसाच चिकटून राहिला. तो खरवडून काढायचा रंधा जगात कोणाकडे असेल तर तो आपल्याकडेच, हे त्याला कळत होतं आणि पटत नव्हतं.

पाचव्या दिवशी, शनिवारी सकाळी, गल्लीत पाववाला फिरत असताना त्यानं जुनी फळी उतरवली. घराचं दार सताड उघडं ठेवलं. पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीवर पातळी धरली, पेन्सिलनं चार खुणा केल्या. मशीनच्या टोकाला चौदा सेंटिमीटरवर पिवळी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे पट्टी भिंतीला टेकली की थांबायचं. पहिलं भोक पट्टीपाशी थांबलं. दुसरं थांबलं. तिसरंही. मग त्यानं मशीन खाली ठेवलं, टोक बदलून लांबलचक टोक बसवलं आणि पट्टी लावलीच नाही.

"घरधनी, पट्टी," खेरा दारातून म्हणाली.

"दिसतंय मला."

चौथं भोक चौदाला थांबलं नाही, वीसलाही नाही. मग हात एकदम हलका झाला. पलीकडे हवा लागली होती.

 मग जल्लूलचं दार उघडलं आणि त्याचा आवाज गल्लीत घुमला. असा दणदणीत आवाज त्याच्या गळ्यातून कित्येक वर्षांत निघाला नव्हता. "या, बघायला या सगळे. मुअल्लिम लारबीनं माझी भिंत फोडली. विचारलं नाही, पुसलं नाही. माझ्या पांघरुणांच्या चळतीवर ही एवढी धूळ."

माणसं जमली. पाववाला पाव विकायचा थांबला. डॉमिनोवाले चौघे आले, त्यातल्या एकानं आत जाऊन भोकात झाडूची काडी घातली आणि पलीकडून दुसऱ्यानं ती ओढून बघितली. म्हणजे आरपार होतं, शंका नको. लारबी भुवयांवर लाल भुगा घेऊन दारात येऊन उभा राहिला. जल्लूल कंबरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा. ओरडून त्याचा चेहरा लाल झाला होता, पण डोळे लारबीच्या तोंडावर खिळले होते, आता हा काय बोलतो म्हणून. लारबीनं एवढं म्हटलं असतं की मी विचारायला गेलो होतो, यानंच बोलू दिलं नाही, तर सगळं होतं तिथंच जाऊन पडलं असतं.

गर्दीतून शाळामास्तर शुक्री पुढं आला. महिनाभर अडून राहिलेल्या माणसाला एवढी संधी पुरे.

"मुअल्लिम, मला तुम्ही अर्ध्या चहावरून उठून शिकवण दिलीत," तो म्हणाला. "आता हे जल्लूल म्हणतात ते खरं की खोटं, ते सगळ्यांसमोर सांगा. म्हणजे आम्हालाही कळेल, कसं वागायचं ते."

लारबीनं आधी जल्लूलकडे बघितलं, मग शुक्रीकडे.

"खरं आहे. यांना न विचारता मी भोक पाडलं, जसं यांच्या हातून एकदा पडलं होतं, आणि मी तेव्हा यांना चोर म्हटलं ती माझी जीभ घसरली होती. पण मास्तर, तू मात्र शेजाऱ्याला विचारूनच ये, तोवर मी तुझ्या घरी मशीन आणणार नाही."