फरशीवरचा खोका

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, शिरवण्याजवळच्या एका काचेच्या इमारतीत, भर दुपारी, एका साहेबांची कंबर वाकली. साक्षीदार आहेत. कारण मी आहे.

मी कुरिअरवाली. कंपन्यांचा माल स्कूटरवरून गोळा करायचा आणि संध्याकाळच्या गाडीत चढवायचा, हा माझा धंदा.

सुरुवातीला हे साहेब खोका हातात द्यायचे. वर "बसा ताई"सुद्धा. मग एकदा माझा मोबाईल वाजला आणि त्याच्या पाठीवरचं निळं अशोकचक्र त्यांना दिसलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"परभणीकडचं."

"आणि आडनाव?"

सांगितलं. चोरीचं थोडंच आहे!

दुसऱ्या दिवसापासून टेबल रिकामं, खोका फरशीवर. साहेब बुटाच्या टोकाने तो माझ्याकडे सरकवायचे. "उचला." बस. खुर्ची गेली, ताईपण गेली.

मी उचलायची. गिऱ्हाईक मोठं होतं ना! माझी आई गावात किराणा दुकानाच्या पायरीखाली उभी राहायची. दुकानदार वरून तिच्या पदरात मीठ टाकायचा. इथे एसी होता, काच होती. पायरी तीच.

त्या दिवशी खोक्यात अत्तराच्या नमुन्याच्या बाटल्या होत्या. त्या आज निघाल्या नसत्या, तर साहेबांची ऑर्डर हातची जाणार होती. साहेबांनी बूट लावला. आत काच किणकिणली.

"सांभाळून हां. नाजूक माल आहे."

मला हसूच फुटलं. मालाला जपायचं, आणि मला?

"साहेब, आमच्या धंद्याची रीत आहे. तुम्ही हातात दिलात की माल आमचा. फरशीवर आहे तोवर तुमचा."

"नाटक करू नका. गाडी चुकेल."

"चुकू दे."

"उद्यापासून दुसरा कुरिअरवाला बोलावीन."

"बोलवा की. आज मात्र हातात द्या."

नाटक म्हणालात ना? घ्या. मी महाराणीसारखे दोन्ही हात पुढे केले आणि उभी राहिले. अख्खं ऑफिस मान वर करून बघायला लागलं. हे गिऱ्हाईक म्हणजे माझा अर्धा धंदा. तरी हात खाली आले नाहीत.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मला बघितलं. मग वाकले. खोका उचलला. माझ्या हातात ठेवला.

माल वेळेत गेला. ते गिऱ्हाईकही गेलं. दुसऱ्याच दिवशी. जाऊ दे. अर्ध्या धंद्यावर जगेन, पण पायाने सरकवलेलं काही या हातांनी उचलणार नाही. माझ्या पोरीलाही उचलू देणार नाही.

आणि साहेब वाकले तेव्हा तिथेच लादी पुसणाऱ्या मावशी होत्या, शिरवणे गावातल्याच. हातातला पोछा तसाच धरून त्या मोठ्याने बोलून गेल्या,

"आगो बय, सायबाला वाकता येतंय!"