माळावरचे सात आपटे

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. येलदरीच्या अलीकडं एका खेड्यात जन्मभर शाळेत शिकवलं, तिथंच निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी नवरा गेला. लेक पुण्याला. ती रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस मी आणि घड्याळ.

गावामागं गायरानाचा बोडका माळ होता. ग्रामपंचायतीला विचारून मी तिथं खड्डे घेतले. पळस, खैर, धावडा, हिवर, म्हणजे जे पूर्वी तिथं होतं तेच लावलं. एकजण म्हणाला, "बाई, गुलमोहर लावा की, दिसायला लय भारी." म्हटलं, "दिसायलाच भारी पाहिजे तर मांडव घाल लग्नाचा. गुलमोहरानं रान होत नसतं."

असं बोलून बोलूनच माणसं तुटली. ज्याची शेळी माळावर दिसली त्याच्या दारात जाऊन मी भांडून आले. पाच वर्षांत रोपांची झाडं झाली, तितर परत आले, आणि माझ्या घरी चहाला येणारं कुणी उरलं नाही. माळावर गेलं की बरं वाटायचं. घरी आलं की घर खायला उठायचं.

त्या सगळ्यात माझा जीव होता सात आपट्यांत. नवऱ्यानं जाण्याआधी कुठल्याशा लांबच्या बांधावरून शेंगा आणून बिया डब्यात ठेवल्या होत्या. "एवढ्या लाव," म्हणाला होता. गरम पाण्यात भिजवून लावल्या, त्यातल्या सात उगवल्या. आपटा सावकाश वाढतो. पाच वर्षांत जेमतेम माझ्या खांद्याला लागला.

मागच्या दसऱ्याला संध्याकाळी दार वाजलं. आधी वाटलं शेजारचं दार असेल. उघडलं तर माझी जुनी विद्यार्थिनी, नवरा आणि दोन लेकरं घेऊन उभी. "बाई, सोनं घ्या!" तिनं हातावर पानं ठेवली आणि पाया पडली. नवरा गेल्यापासून माझ्या दारात सोनं घेऊन कुणी आलं नव्हतं. डोळेच भरून आले माझे.

मग पानांकडं बघितलं. लहान, जाड, खरखरीत. आमच्याकडं सगळे कांचनाची मोठी गुळगुळीत पानंच सोनं म्हणून वाटतात. खरा आपटा पंचक्रोशीत होता कुठं, माझ्या माळाशिवाय?

"कुठून आणलंस गं?"

"माळावरून. कांचनाचं पान म्हंजे सोनं न्हवं, तुमीच तर शिकवलंय, बाई. आमी इसरलो न्हाई."

शिकवलं होतंच. दरवर्षी फळ्यावर दोन्ही पानं काढून, छडी आपटून शिकवलं होतं. तिच्यामागं आणखी माणसं आली, अंगण भरलं. प्रत्येकाच्या हातात माझीच पानं. काहींच्या हातात तर अख्ख्या डहाळ्या. जिभेवर आलं होतं, अरे मेल्यांनो, झाडं मारलीत माझी! पण दुसऱ्या दिवशी यातली निम्मी माणसं ऊसतोडीला निघणार होती, थेट गुढीपाडव्यालाच परतणार होती. मी गिळलं. "सोन्यासारखं राहा," म्हणाले, आणि सगळ्यांना चहा केला. कपबशा पुरल्या नाहीत, पेल्यांत दिला.

सकाळी माळावर गेले. साती झाडं ओरबाडलेली, फांद्या सालीसकट सोललेल्या. मी तिथंच बसून रडले. तीन वाळून गेली. उरलेली चार उन्हाळ्यानंतर फुटली, म्हणजे मी घागरीनं पाणी वाहिलं म्हणून फुटली.

यंदा मी शहाणी झाले. दसऱ्याच्या आधीच बोरीच्या काट्यांनी चारी आपट्यांभोवती अशी कुंपणं घातली की पाखरू शिरलं तर शिरलं. दसऱ्याला एका पानालाही हात लागला नाही. मी नवी साडी नेसून, डबाभर करंज्या करून दाराशी बसले. दिवेलागण झाली. रस्त्यानं माणसं एकमेकांकडं जात-येत होती, हसत होती. माझ्या दाराशी कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक भरत होता. मी करंज्यांचा डबा घेऊन गेले. विद्यार्थिनी भांडी चढवत होती. मला राहवलं नाही. "काल का नाही आलीस गं?"

ती ओशाळली. "सोनंच न्हवतं, बाई. तुमी काटं लावलेले. रिकाम्या हातानं कसं यावं? आन् कांचनाचं पान घिऊन तुमच्या दारात यायची कुणाची छाती हाय? आज निघायचं म्हनून काल आमी समदे लय हळहळलो."

मला एवढंच सुचलं, "करंज्या वाटेत खा. लेकरांना जप." ट्रक गेला. गावात कुत्री आणि म्हातारी उरली, त्यात मी एक.

तशीच माळावर गेले. पायवाटेच्या अगदी कडेला एक आपटा आहे, नवऱ्याच्या बियांतला सगळ्यात आधी उगवलेला. त्याच्याभोवतीचे काटे एकेक करून काढले. हात रक्तबंबाळ झाले. पुढचा दसरा वर्षानं आहे, हे मला काय कळत नव्हतं? पण तेवढं थांबायचा मला धीर नव्हता.