फाटकावरची तिरकी फरशी

गाडीच्या सांगाड्याला कोणता भार सर्वांत जास्त थकवतो, हे मोजण्यात माझी उमेदीची वर्षं जयपूरच्या एका कॉलेजात गेली. लोखंड एका दणक्यानं क्वचितच मोडतं. तोच तो पीळ पुन्हा पुन्हा बसला की तडकतं. हे मी वर्गात शिकवत असे.

कॉलेजच्या बसची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तडकली, तेव्हा चौकशी माझ्याकडे आली. ड्रायव्हरनं बस खड्ड्यांतून बेफाम हाकली, असा आरोप होता. तो खातीपुऱ्यात राहायचा, माझ्याच वयाचा. मला म्हणाला, "साहब, गाड़ी सड़क पर नहीं, फाटक पर टूटी है. वहाँ नापिए."

कॉलेजच्या फाटकाजवळ नाल्यावरची फरशी तिरकी होती. एक चाक वर, दुसरं खाली, अशी बस दिवसातून कितीदा तरी पिळवटत आत-बाहेर करायची. पण बस फाटकाबाहेर पडली की सांगाड्यावरचा ताण नोंदवणारं यंत्र चालू करायचं, ही आमची रीत. इतक्या सावकाश चालीत काय बिघडणार? नोंदीत मानसरोवर वस्तीकडच्या रस्त्यावरचे खड्डे उठून दिसले. दोष ड्रायव्हरचा, अशा अहवालावर मी सही केली. त्याची नोकरी गेली.

पुढच्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीनं दुसऱ्या बसवरचं यंत्र चुकून आवारातच चालू केलं. हिशेब मांडून तिनं दाखवलं, खड्ड्यांचं नुकसान किरकोळ होतं. जवळजवळ सगळं त्या फरशीवरचं. सुरुवातीची नोंद धरायची नसते, असं सांगून मी तिला तो तुकडा कापायला लावला. मग अर्ज करून फरशी सपाट करून घेतली. कारण लिहिलं, पाणी तुंबतं.

गेल्या महिन्यात खातीपुऱ्याला गेलो. तो ड्रायव्हर वारला होता. मुलीनं चहा दिला. म्हणाली, "पापा कहते थे, साहब ने मशीन से नापा है, तो गलती मेरी ही होगी."

"बेटी, मैंने वहाँ नापा ही नहीं था," मी म्हणालो. मग त्या विद्यार्थिनीचंही सांगितलं.

ती उठून आत गेली. मग वही आणून माझ्यापुढे ठेवली. मी सगळं लिहून सही केली. तिनं कागद दोनदा वाचला आणि पर्समध्ये घातला. भावाला दाखवायचा होता. घर बसलं ते वडिलांच्या बेफिकिरीनं, असं तो अजूनही म्हणतो.