कोलंबी सोलणाऱ्या काकू

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मला लॅपटॉप शिकवायला येतात, त्या कोलंबीचं ताट घेऊन. हात ओले, त्यामुळे की-बोर्ड मलाच दाबावा लागतो.

माझा नऊ वर्षांचा लॅपटॉप भंगारात निघाला होता. काकूंनी त्यात विंडोजच्या जागी माझ्याच हाताने लिनक्स घालून घेतलं. हे दर आठवड्याला थोडंथोडं अपडेट होत राहतं, आणि मला भीती त्याचीच: एखादं अपडेट फसलं तर? आत लेकीचे ४,३१२ फोटो.

"पेन ड्राइव्हवर घेतलेस? मोजलेस?"

"दोनदा."

"मग आजची सिस्टीम जपून ठेव आणि अख्खा डेस्कटॉप काढून टाक, मुद्दाम मोडून बघ. काय होवचा नाय."

मी काढला. स्क्रीन काळी झाली. काकू कोलंबीचा धागा काढत राहिल्या. त्यांनी सांगितलं तसं मी जपलेल्या सिस्टीमवर परतलो. चार मिनिटांत सगळं जागेवर. फोटो ४,३१२.

मी पुन्हा मोडलं. मग तिसऱ्यांदा, हसत हसत.

"पुरे रे, कोलंबी संपली." काकू हात धुऊन आल्या.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. "आता खरं अपडेट तुम्ही करा."

"माझ्या हाताक वास येता रे."

त्यांनी साबण दोनदा लावला होता, मी पाहिलं होतं. अपडेट मीच केलं.