वजा ऐंशी

माझ्या बाबांचा रक्तदाब मी एकदा औषधाच्या गोळीशिवाय उतरवला होता. कागदावर!

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. सानगडीला मी नववीला विज्ञान शिकवायचो. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाबांचा रक्तदाब वाढलाय आणि कोलेस्टेरॉलही. (बाबांनी ते 'कलेक्टर' असं ऐकलं आणि दोन दिवस ऐटीत होते.) गोळ्यांनी पोट जळतं म्हणून त्यांनी त्या सोडल्या आणि कुणीतरी सांगितलेली अर्जुनाची साल नाल्याकाठून सोलून आणली. "गोळ्या सोडू नका" म्हणायचं सोडून मी म्हणालो, "प्रयोग करून पाहू!" विज्ञानाचा मास्तर ना!

एका ओळखीच्या कंपाउंडरकडून रक्तदाबाचं जुनं यंत्र आणलं, मोजायलाही शिकलो. रोज सकाळी आई साल उकळायची, बाबा तोंड वाकडं करून काढा प्यायचे आणि मी त्यांच्या दंडाला पट्टा आवळायचो. पंधरा दिवस झाले, आकडा एकशे ऐंशीवरून हलेना.

"सालीत दम नाही गा," बाबा म्हणाले.

"साल बराबर आहे. मशीन बिघडली असन!"

यंत्र तपासायला निरोगी माणूस हवा, म्हणून आईला बसवलं. ती कधी आजारी पडलीच नव्हती. (निदान आम्ही तिला कधी विचारलं नव्हतं.) पारा चढला तो थेट दोनशेवर!

"पाहा! मी म्हटलं नव्हतं?"

"बाबू, माह्यं डोस्कं लय जड लागून राहिलं रे," आई म्हणाली.

"चुलीच्या धुरानं असन. तू हालू नको, मले मोजू दे."

नववीला मी शून्य त्रुटी शिकवायचो. यंत्र जेवढं जास्त दाखवतं तेवढं वजा करायचं. आई ठणठणीत, म्हणजे तिचे एकशे वीस यायला हवेत. येतात दोनशे. म्हणजे यंत्राची चूक ऐंशी! बाबांच्या एकशे ऐंशीतून ऐंशी गेले, राहिले शंभर.

"शंभर?" बाबा घाबरले. "लयच उतरला काय गा?"

"काढ्याचा जोर जास्त झाला. माय, बाबाले लोणचं वाढ. पापडही भाज!"

आठवडाभर बाबांची चंगळ झाली. आई पापड भाजत होती, साल उकळत होती आणि रोज डोकं जड असल्याचं सांगत होती. मी रोज ऐंशी वजा करत होतो.

आठव्या दिवशी आई काढ्याच्या पातेल्यासकट चुलीपाशी कोसळली. जीपनं भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि म्हणाले, "दोनशे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुमची मशीनही ऐंशी जास्त दाखवते!"

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मास्तर, मशिनी दोन्ही बरोबर आहेत."

व्हरांड्यात जाऊन मी ढसाढसा रडलो. आई वाचली, पण तिचा डावा हात पुन्हा नीट उचलला गेला नाही. बाबा मुकाट्यानं गोळ्या घेऊ लागले. शुद्धीवर आल्यावर आईनं एकच विचारलं, "बाबू, तू मले मोजत होता का मशीनले?"

शून्य त्रुटीचा धडा मी त्या वर्षी दुसऱ्या मास्तरांना देऊन टाकला. त्यांना तो नीट येत नाही, अशी पोरांची तक्रार होती. पण त्यांची आई खरोखरच ठणठणीत होती!