आईची खिडकी आणि लॅबमधले उंदीर

बाबांना ल्युकेमिया झाल्यापासून आईने आमच्या चिंचपोकळीच्या खोलीची मागची खिडकी उघडली नव्हती. खिडकीखाली पॉलिशचा कारखाना, त्याची उग्र वाफ थेट घरात यायची. त्या वासाला कंटाळून बाबांना पूर्वीच चाळ सोडून विरारला जायचं होतं, आईच अडून बसली होती. त्यामुळे हा आजार आपल्यामुळे आला, असं तिने मनाशी धरलेलं. बाबा रोजची गोळी घेऊन मजेत होते. झुरत होती ती.

मी परळच्या एका लॅबमध्ये नेमक्या त्याच आजारावर काम करायचे. दोन जनुकं तुटतात आणि चुकीच्या जोडीने चिकटतात. ते जोडजनुक आम्ही उंदरांच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींत घालून त्या पेशी काही उंदरांना देत होतो, आणि तुलनेसाठी बाकीच्यांना साध्याच पेशी. आमच्या मॅडम भलत्याच हट्टी. रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना कुठली कुठल्या उंदराची हे आपल्याला कळू नये, म्हणून खुणांवर पट्टी चिकटवायला लावायच्या. "नाहीतर मला हवंय तेच दिसेल गं," म्हणायच्या. पट्ट्या काढल्या, तर आजारी निघाले ते सगळे जोडजनुकवाले. साध्या पेशी दिलेले उंदीर ठणठणीत. मी नाचायचीच बाकी होते. मॅडमनी मात्र आजारी उंदरांच्या पेशी नव्या उंदरांना देऊन पाहायला लावलं. तेही आजारी पडले, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी मान डोलावली.

घरी येऊन मी आईला ठोकून दिलं, "कारखान्याचा काही संबंध नाही." तिने ऐकून घेतलं. खिडकी बंदच राहिली.

गौरीच्या जेवणाला मॅडम आल्या. आईने वाढता वाढता विचारलंच, "खरं सांगा, ह्यांचं दुखणं माझ्यामुळे आलं ना?"

'नाही' म्हणा, म्हणून मी डोळ्यांनी विनवत होते. मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला.

"जनुकं जोडली गेल्यावर काय होतं, ते उंदरांनी आम्हाला दाखवलं. पण ह्यांची मुळात का तुटली, ते मला माहीत नाही. कुणालाच नाही. मग तुम्हाला तरी कसं माहीत?"

आईने पळी पातेल्यात ठेवली आणि मागच्या खिडकीकडे पाहिलं. माझ्या खोट्या दिलाशापेक्षा हे 'माहीत नाही' किती मोठं होतं! मला तिथेच मॅडमच्या पाया पडावंसं वाटलं.

"मगे उघड ती खिडकी," बाबा म्हणाले. "इतकी वर्षां घामान न्हातंय मी."

कडी गंजली होती. शेवटी आई आणि मॅडम, दोघींनी मिळून ओढली.