वाइनच्या फ्रिजमधला आमरस

पन्नाशीनंतर मी घरी संत्र्याची वाइन करायला शिकलो. ती आंबताना तापू नये म्हणून अकोल्यात चार दुकाने पालथी घालून एक जुना, स्वस्त फ्रिज मिळवला आणि अमरावतीला आणून मागच्या पडवीत ठेवला. आत काय आहे, हे संकोचामुळे कुणालाही सांगितले नाही.

एका दुपारी पाहतो तर माझ्या बरण्या उन्हात, आणि फ्रिजमध्ये शेजारच्या वहिनींचे आमरसाचे पातेले! सगळी वाइन नासली होती.

"जावई आले नं भाऊजी! सरबताच्या बरण्यांसाठी कावून एवढे तापून राहिले?"

"दारू होती ती, वहिनी!" मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडलो.

"हळू बोला, जावई आयकतीन," असे मलाच दटावून त्यांनी फ्रिज बंद केला. रस आतच राहिला.